टेकू

माझ्या अकलेचं प्रदर्शन वेसाव्याच्या अख्ख्या किनाऱ्यानं बघितलंय, मग तुमच्यापासून काय लपवू? पण चहा सांडू नका हसताना!

एटीफाइव्हची गोष्ट असेल. आमच्या पांडू नाखव्यानं वांद्र्याच्या एका साहेबाची जुनी मोटरबोट घेतली. बायकोच्या, म्हणजे आमच्या सीतावहिनीच्या, पाटल्या मोडून! ती आणायला अंधेरीत जीप कोणाची? माझी.

बोट ट्रॉलीवर, मागे वर उचललेलं इंजिन. साहेब म्हणाला, "असंच नेऊ नका. खड्ड्यात आदळलं की सगळा मार इंजिन उचलणाऱ्या पंपावर येतो. तो फुटला की इंजिन खलास. इंजिन आणि ट्रॉलीच्या मधे लाकडी टेकू द्या. आणि पाण्यात घालायच्या आधी..."

"साहेब, तीस वर्षं गाडी हाकतोय. मला शिकवू नका!" पुढचं ऐकतो कोण?

टेकू लावला. नुसता लावून भागतंय? काथ्यानं इंजिन, टेकू आणि ट्रॉली अशी करकचून आवळली की घोरपडीनं बघून लाजावं! वर रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला जीप थांबवून खाली उतरायचो.

"पांडू, टेकू नीट आहे ना?"

"नीट हाय रे दादा! चल ना आता!"

वांद्रे ते वेसावे, तीन तास!

किनाऱ्यावर सीतावहिनी आरतीचं ताट घेऊन उभी. मी ऐटीत जीप रिव्हर्स मारून ट्रॉली पाण्यात घातली.

"दादा, दोऱ्या सोडल्यास ना?"

"पुढची सोडली की! ढकल!"

ढकलली. हलेना. दहा जण लागले, तरी हलेना.

"वाळूत रुतली रे! जोर लावा, भात खाता ना?"

तेवढ्यात आली लाट. बोट उठली, बोटीबरोबर ट्रॉली उठली, आणि ट्रॉलीमागोमाग माझी जीप निघाली समुद्रात! मी ब्रेकवर उभा, पाणी सीटवर!

वहिनी ओरडली, "अहो भाऊजी, बोट आमची, तुम्ही कुठं निघालात?"

पांडूनं उडी मारून कोयत्यानं काथ्या तोडला. बोट सुटली. इंजिन? एक ओरखडा नाही! पहिल्या झटक्यात चालू. जीप मात्र ठार. वीस कोळ्यांनी ओढून काढली.

घरी कशी आणली? मासळीच्या टेम्पोला बांधून. टेम्पो चालवायला पांडू, मागे जीपमध्ये स्टेअरिंग धरून, ओलाचिंब मी.

आणि तो हलकट प्रत्येक खड्ड्याला टेम्पो थांबवून खाली उतरायचा. माझ्यासमोर हात जोडून विचारायचा,

"दादा, टेकू देऊ का?"