यमूचा कुंचला

यमू वारली त्या सकाळी तिच्याजवळ मी होतो. आई विहिरीवर गेली होती, बाबा वैद्याकडे. एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे — नीट सांगता येईल की नाही, तेही कळत नाही.

आम्ही नंदुरबारचे चितारी. श्रावणात घरोघरी कानबाई देवी नारळाच्या रूपात बसायच्या आधी कोरीट, म्हसावदपासून लोक आपापल्या देवीचे नारळ चेहरा रंगवून घ्यायला आणायचे. आई रंग घोटायची, बाबा चेहरा करायचे आणि डोळे यमूचे. माझी धाकटी बहीण. पण डोळे तिच्यासारखे कुणाला जमत नसत. मी शिकत होतो — म्हणजे वाचत बसायचो.

त्या सकाळी तापात पडल्या पडल्या ती म्हणाली, "भाऊ, मन्हा कुंचला आन ना. आपला घरना नारळना डोया बाकी शेतस."

घरच्या नारळाचे डोळे काढायचे राहिले होते. मी म्हणालो, थांब, एवढं पान होऊ दे. कुंचला चार हातांवर कोनाड्यात होता. तिने पुन्हा मागितला का? मागितला असावा — की तो आवाज मीच नंतर मनाने घातला? पान संपलं तेव्हा ती गेली होती.

बरेच दिवस कुणी रंगाला हात लावला नाही. मग बाबांनी विचारलं, "जाताना काही बोलनी का रे ती?"

"बोलनी," मी म्हणालो. "आते डोया बाबाच काढी, आशी बोलनी."

का म्हणालो? त्यांना धीर यावा म्हणून, की त्यांनी पुढे काही विचारू नये म्हणून? अजून उलगडत नाही. पण बाबा उठले. आईने काजळी घोटायला घेतली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

बाबांचा हात कापायचा. डोळे तिरपे यायचे. "यंदा आमनी कानबाई शेजारना घरमा देखी ऱ्हायनी," असं लोक हसून म्हणत आणि पुढच्या वर्षी येत नसत. डोळे दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, असं आईने एकदा सुचवलं. बाबा म्हणाले, पोरीचा शब्द मोडू? मी तिथेच होतो, पुस्तक उघडं धरून.

शेवटी घरचा एकच नारळ उरला. दर श्रावणात बाबा त्याचे डोळे काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे, आणि जमत नाही म्हणून यमूची माफी मागायचे. मी ऐकायचो. त्यांनी कशाची माफी मागायची होती?

आता आई-बाबा दोघंही नाहीत. ते पुस्तक कोणतं होतं, आठवत नाही. शेवटच्या श्रावणात बाबांनी पुसलेले डोळे पुसलेलेच राहिले. नारळ फडताळात आहे. शेजारी कुंचला आहे.