वन्संच्या उशाची भिंत

आमच्या इमारतीत बोलवा होती की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी घरात एक पुरुष कोंडून ठेवलाय आणि तो भर दुपारी कण्हतो. मी पडलो शेजारी. अशा बाबतीत खात्री करून घेणं माझं कर्तव्यच. साखर मागायच्या निमित्तानं आत शिरलो. पुरुष कसला, दोन स्पीकर होते. कण्हत होती इमारतीमागची टेकडी.

बाई संशोधक. टेकडीच्या पोटात त्यांनी यंत्रं पुरलेली. जमिनीची थरथर एरवी आपल्याला ऐकू येत नाही. पण अख्ख्या दिवसाची थरथर चहा गार व्हायच्या आत संपेल इतकी पळवली, की तिचा आवाज होतो. जुना पलंग करकरावा तसा. माझ्या अंगावर काटा आला आणि साखर राहिली ती राहिलीच.

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता: बाईंच्या थोरल्या नणंदेसाठी. नवरा गेल्यापासून त्या तळमजल्यावर, मागे टेकडीला टेकून वाढवलेल्या खोलीत एकट्याच राहायच्या. टेकडी सरकतेय, ती भिंत कधीही आत येईल, वर राहायला या, म्हणून बाई वर्षभर आलेख दाखवत होत्या. वन्सं म्हणायच्या, "असल्या रेघोट्या माझा नातूही मारतो."

शेवटी बाईंनी स्पीकर खाली नेला, वन्संच्या पलंगाच्या फळीला टेकवला आणि टेकडी लावली. फळी अंगाखाली थरथरली. घाबरायच्या सोडून वन्संचा चेहरा उजळला.

"अगं, अस्सेच कूस बदलायचे!"

"कोण?"

"आमचे हे, दुसरं कोण? आता तर मी मुळीच हलायची नाही."

घ्या! दुसऱ्या दिवसापासून वन्सं भिंतीशी बोलायला लागल्या. पांघरूण सरकलं का, विचारायच्या. आणि खोटं कशाला सांगू, मी दाराशी उभा असताना विचारलं, तेव्हा भिंतीआड माती झरल्याचा आवाज आला. हुंकार दिल्यासारखा.

मी बाईंना जिन्यात गाठलं. "सोप्पं आहे. तेच म्हणतायत वर जा, असं सांगून टाका."

"आज खोटं सांगून हलवलं, तर उद्या माझं खरं कोण ऐकेल?"

त्यांनी वेगळंच केलं. आधी गेल्या वर्षीचा एक दिवस वाजवला, मग मागच्या महिन्यातला, मग कालचा. पहिल्यात लांब कुठंतरी कुणीतरी हलकेच कण्हलं. दुसऱ्यात करकर थेट फळीपाशी आली. कालच्या दिवसाला तर श्वास घ्यायलाही उसंत नव्हती.

वन्संनी फळीवर तळहात टेकवून पाहिला. मग म्हणाल्या, "इतके कधीच तळमळले नाहीत ते. हे ते नव्हेत गं."

"नाहीत, वन्सं."

"मग मी बोलत कुणाशी होते?"

बाईंनी स्पीकर बंद केला. वन्संनी उशी काखोटीला मारली आणि जिना चढल्या.

भिंत त्याच आठवड्यात आत आली. पलंगावर आडवी, निजायला आल्यासारखी.

मला राहवतंय थोडंच! म्हटलं, "बाई, माझं ऐकलं असतंत तर वन्सं आधीच वर आल्या असत्या."

"टेकडीकडच्या तुमच्या भिंतीचंही रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "आधी ते ऐका, मग मला अक्कल शिकवा."