पाय कापलेला पोळपाट

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची उलटली, भाजली, मग गॅस बंद केला. दवाखान्याच्या खेपा करून इतकी थकले होते की रडूसुद्धा आलं नाही. अजून नीटसं आलेलं नाही...

कमल माझी धाकटी जाऊ. दीर वारले तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं. नामपूरहून तिचा भाऊ न्यायला आला होता, पण अंबडच्या आमच्या शेडमध्ये हाताखाली माणूस हवं होतं म्हणून ती राहिली. माया वगैरे नंतरची. आमचे हे ड्रिल मशीनवर लोखंडाच्या पट्ट्यांना भोकं पाडून द्यायचे. नव्वदनंतर ते काम आटलं आणि एका कारखान्याने बसच्या आतून लावायच्या शीट दिल्या. तागाचे धागे रेझिनमध्ये थिजवलेले, दिसायला जाड पुठ्ठा. वरून ड्रिल गुपचूप घुसायचं, पण खालून बाहेर पडताना थर उचकटायचा आणि म्हाताऱ्याच्या कानातल्या केसांसारखे धागे लोंबायचे. आमचे हे लोखंडात मुरलेले. सवयीनं त्यांनी लोखंड थंड ठेवायचं तेलपाणी भोकावर ओतलं. ताग पाणी प्यायला, कडा पापडासारख्या फुगल्या आणि सगळा माल परत आला. तेव्हा हे जेवताना म्हणाले, "पुढचा लॉट परत आला तर शेड बंद. कमलला नामपूरला पोचवून येऊ." कमल वाढत होती. तिच्यासमोरच म्हणाले.

ती मागच्या ओट्यावर येऊन बसली. रागावली की माहेरची अहिराणी बोलायची. "तठे जाईसन काय करू? भावजाईना कांदा निवडू का?" हातात वाया गेलेली शीट होती. फाटलेल्या बाजूवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "मांगे कोन्ही नही म्हनीसन फाटस, अक्का." मागे कुणी नाही म्हणून फाटतं. शीटबद्दल बोलतेय की स्वतःबद्दल, मी विचारलं नाही.

सकाळी माझा पोळपाट गायब. शेडमध्ये जाऊन बघते तर पाय कापून तो मशीनच्या टेबलावर ठेवलेला, वर शीट, दोन्ही मिळून शिकंज्यात आवळलेली.

"अगं भवाने, माझ्या आईनं दिलेला पोळपाट तो!"

"पीठ नही राह्यनं ते पोळपाट काय चाटाना शे?"

लाकूड पाठीला घट्ट बसलं तसा खालच्या थराला उचकटायला वाव राहिला नाही. भोक बरंच स्वच्छ आलं. ह्यांनी आधी नाक मुरडलं, मग स्वतःच नवं धारेचं ड्रिल लावलं, पट्टा बदलून वेग वाढवला, पाणी बंद केलं. कमल दांड्यावर सगळा भार टाकायची. हे ओरडायचे, "निघताना हात हलका ठेव, अंग टाकू नकोस!" ती म्हणायची, "दादा, माझं अंग ते केवढं!" तरी काही भोकांना धागे राहिलेच, ते आम्ही दोघींनी ब्लेडनं कापले. लॉट पास झाला. कमल राहिली. पुढे शीटखाली घालायला साध्या फळ्या आणल्या, एक चाळण झाली की दुसरी. माझा पोळपाट घरी परत आला, भोकांसकट.

त्या कामाची पिवळी धूळ असायची. तोंडाला पदर बांध म्हटलं की बांधायची, मी वळले की सोडायची. शेवटी छाती गेली. धुळीनं की मिश्रीनं, डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिचा भाऊ दवाखान्यात म्हणाला, "तेव्हाच नेली असती तर..." मी म्हटलं, "तिला यायचं नव्हतं." खाटेवरून कमलनं मान हलवली. तेवढंच तिचं शेवटचं बोलणं म्हणा.

त्या पोळपाटावर लाटलेल्या पोळीला पुटकुळ्या यायच्या. भोकांत पीठ अडकायचं, ते कमल रोज सुईनं टोकरून काढायची. पोळपाट तिनं बिघडवला, तेव्हा ते काम तिचं, असं मीच ठरवलं होतं. फोन आला त्या दिवसापासून माझी सून स्वतःच्या स्टीलच्या पोळपाटावर लाटते. माझा भिंतीशी उभा आहे. त्या दिवशीचं पीठ भोकांत वाळून बसलंय. काढायला हवं, किडे होतील. सुई काढून ठेवली आहे... बघते.