नववी ताटली

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या कमरेला एकतीस वर्षं एक किल्ली होती. अंगावर दागिना म्हणाल तर तेवढाच, आणि तोही त्यांचा नव्हे. टेकडीवरच्या मोठ्या घरात त्या कामाला आहेत, तिथल्या काचेच्या कपाटाची ती किल्ली. कपाटात सुपाच्या बारा खोलगट ताटल्या. मालकीणबाईंच्या आजेसासूच्या वेळच्या, पांढऱ्यावर निळी वेल, काठाला सोनेरी रेघ. ती रेघ इतकी झिजलेली की ताटली उजेडात तिरपी धरली तरच दिसते. अशा ताटल्या आता कुणी करत नाही. एक गेली की गेली.

पाहुणे आले की त्या ताटल्यांनी टेबल मांडायचं, हे जाऊबाईंचं मुख्य काम. मी नवी सून असताना "एवढंच?" असं म्हणून गेले होते.  त्यांनी घरातल्या चार ताटल्या मला मांडायला सांगितल्या आणि मी मांडल्यावर चारही उचलून पुन्हा मांडल्या. ताटलीचा काठ टेबलाच्या कडेपासून बरोबर अंगठ्याच्या एका पेरावर हवा. कपाटातल्या चौथ्या ताटलीचा टवका फुलांच्या भांड्याकडे वळवायचा, सातवीचा डाग चमच्याखाली घ्यायचा. कुठल्या ताटलीला कुठे काय झालंय, हे त्यांना पोटच्या पोरांच्या खोड्यांसारखं पाठ. आणि मांडण्याआधी प्रत्येकीला नखाने एक टिचकी. धड असेल ती टण्ण वाजते, तडा गेलेली बद्द.

"बद्द वाजली की समजायचं, तुझ्या नवऱ्यासारखी आहे," त्या म्हणायच्या. "वरून ठणठणीत, आत काही नाही."

जाऊबाईंचे यजमान गेल्यापासून त्या मोठ्या घराच्या मागच्या खोलीतच राहतात. काम गेलं की खोलीही गेली. आमच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण. तरी मी म्हटलं असतं, या. पण त्या आल्या नसत्या, हे मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात त्या आमच्याकडे आल्या होत्या. मी चहा दिला आणि कप बशीत खडखडायला लागला. थांबेचना.

"थंडी वाजतेय," त्या म्हणाल्या.

डोक्यावर पंखा गरगरत होता आणि माझी पाठ घामाने भिजली होती. मी नुसतं त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाच महिने झाले, हात थरथरतात. बाईसाहेबांना पत्ता लागू दिलेला नाही. दहा दिवसांपूर्वी ताटल्या परत ठेवताना नववी फळीच्या कडेला लागली. केसाएवढा तडा गेला. त्यांनी तिला चार तास मंद आचेवर दुधात ठेवलं. जुन्या बायका तडा असा बुजवत.

"बुजला?" मी विचारलं.

"डोळ्यांना बुजला. नखाला नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "येत्या रविवारी दुपारी बारा माणसं जेवायला आहेत. तू मदतीला म्हणून चल. हात तुझे, बाकी माझं."

 त्या घरात पूर्वी एका मुलीने सुपाच्या मोठ्या भांड्याचं झाकण फोडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी तिथे नव्हती. मी देवापुढे बसले, पण त्या दिवशी मन काही लागलं नाही. नाव घेत होते आणि डोळ्यांसमोर निळी वेल होती.

रविवारी सकाळी जाऊबाईंनी भांडारघरात दार लावून मला सगळं समजावलं. दोन ताटल्यांच्या मध्ये लोकरीचा गोल तुकडा असतो, तो आधी काढायचा. ताटल्या रचलेल्या आहेत त्याच क्रमाने, खिडकीजवळच्या खुर्चीपासून सुरुवात करून ओळीने फिरत यायचं. नववी खुर्ची बाईसाहेबांच्या थोरल्या दिरांची. त्यांना सूप कोमटसुद्धा चालत नाही, पार थंड लागतं. म्हणून तडा गेलेली ताटली त्यांच्यापुढे. दहाव्या खुर्चीवर बाईसाहेबांची लेक, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ घेऊन बसणार.

"उकळतं सूप पडलं तर ती ताटली मधोमध उकलेल," त्या म्हणाल्या. "एवढं लक्षात ठेव. बाकी चुकलीस तरी चालेल."

मी दोन-दोन ताटल्या नेऊन ठेवू लागले.  आणि इथेच माझं चुकलं. मला आकडे मोजायची सवय नाही. पोळपाटावरचे गोळे असोत की दोरीवरचे कपडे, लहानपणापासून मी प्रत्येकाला देवाचं एकेक नाव घेते. त्या दिवशी तर भीतीने तोंडात नावाखेरीज काही येतच नव्हतं. एक ताटली, एक नाव. माझ्या दोन्ही हातांत एकेक ताटली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ते फुलांचं भांडं जरा अलीकडे घे गं."

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मी दचकून दोन्ही ताटल्या बाजूच्या छोट्या मेजावर ठेवल्या, भांडं सरकवलं. त्या गेल्या. मी ताटल्या उचलल्या, पुढच्या दोन खुर्च्यांपुढे ठेवल्या, बाकीच्याही मांडल्या. पेर मोजलं, टवके वळवले; टिचकी मात्र राहून गेली. टेबल इतकं सुरेख दिसत होतं की क्षणभर भीती विसरले.

भांडारघरात आले तेव्हा बाहेर खुर्च्या सरकत होत्या. जाऊबाईंनी कुजबुजत विचारलं, "नववी दिरांपुढेच ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते छोटं मेज आठवलं. त्यावर ठेवलेल्या दोन ताटल्या दिरांच्या आणि लेकीच्या खुर्चीपुढेच गेल्या होत्या; त्यांपैकी आधीची कुठली होती? डावीकडची? मी उचलली कुठली आधी? त्या नववी-दहावी होत्या हेसुद्धा मला तेव्हा कळलं नव्हतं. कळणार कसं? मी मोजतच नव्हते.

"दोन्हींत अदलाबदल झाली असेल," मी म्हटलं. "किंवा नसेल. मला माहीत नाही हो, जाऊबाई."

त्या दाराशी गेल्या. दाराच्या फटीतून दिसत होतं. लेक बसली होती, बाळ टेबलाची कड चाटायला बघत होतं, त्याचे पाय थेट ताटलीखाली. आचाऱ्याने खिडकीपासून वाढायला सुरुवात केली होती. सुपातून वाफा निघत होत्या.

"काहीतरी सांगा आणि ताटली उचलून आणा," मी म्हटलं.

"कुठली? आणि काय सांगून?"

आचारी चौथ्या खुर्चीशी. पाचव्या.  मी मनात म्हणत होते, देवा, अदलाबदल झालेली नसू दे. पण जे व्हायचं ते मेजावर कधीच होऊन गेलं होतं, हेही कळत होतं.

सातव्या खुर्चीशी आचारी आला आणि जाऊबाईंनी पदर खोचला. किल्ली कपाटाच्या दाराला लागून वाजली. त्या सरळ बाहेर गेल्या. आठव्या खुर्चीवर सूप वाढून झालं. थोरले दीर म्हणाले, "माझं थंड केलेलं स्वयंपाकघरात आहे, हे उकळतं पुढे न्या." आचारी पुढे लेकीकडे वळला. त्याची पळी भरलेली होती.

"थांबा," जाऊबाई म्हणाल्या, आणि लेकीच्या ताटलीला टिचकी मारायला हात पुढे केला.

हात इतका थरथरत होता की नख दोनदा चमच्यावर आपटलं.  तिसऱ्यांदा नख ताटलीवर लागलं.

बद्द.

पळी कललेलीच होती. जाऊबाईंनी ताटलीवर हात पसरला. गरम सुपाची धार त्यांच्या हातावर पडली. त्यांनी हात काढला नाही.

"बाळाला बाजूला घे, ताई," त्या लेकीला म्हणाल्या. मग मालकीणबाईंकडे वळून, "बाईसाहेब, ही फुटली आहे. माझ्या हातून. पंधरा दिवस झाले."

मालकीणबाई ताटलीकडे बघत नव्हत्या. त्या हाताकडे बघत होत्या.

"आणि हे कधीपासून?"

"पाच महिने."

 मग थोरले दीर म्हणाले, "ती ताटली मला द्या. मला काय, थंडच खायचंय." कुणीतरी हसलं, जेवण पुढे सुरू झालं. मी भांडारघरात जाऊबाईंचा हात पाण्याखाली धरून उभी होते.

पाहुणे गेल्यावर मालकीणबाई आत आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ती झाकणवाली मुलगी फोडलं म्हणून नाही गेली. तुकडे लपवले म्हणून गेली."

"हो," जाऊबाई म्हणाल्या.

"तूही लपवलंस."

"हो."

मालकीणबाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. जाऊबाईंना गाठ सोडता येईना, मी सोडली. त्यांनी ती किल्ली मुठीत धरली आणि मग माझ्या हातावर ठेवली.

"पुढच्या रविवारी मांडायला तू. ही खुर्चीवर बसून सांगेल. खोलीचं त्यानंतर बघू."

त्याला तीन रविवार झाले. खोलीचं अजून बघितलेलं नाही, आणि आम्ही दोघीही विचारत नाही. शनिवार आला की मला जेवण जात नाही. जाऊबाई भांडारघरात खुर्चीवर बसतात, पट्टी बांधलेला हात मांडीवर, आणि दर वेळी विचारतात, "कितवी?" मी मोठ्याने आकडा सांगते. एक, दोन, तीन. नववीला टिचकी मारते, ती बद्द वाजते, ती दिरांपुढे ठेवते. बारा पुऱ्या झाल्या की मगच देवाचं नाव घेते.