बिनदारूचं काडतूस

अमेरिकेत, बेलव्ह्यूतले आमचे शेजारी काका दरवर्षी एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जात. रायफल कुठली घेऊ विचारलं, की म्हणत, "आधी बूट चांगले घे. रायफल कमी धक्क्याची बरी. बार उडताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याला घाबरलास तर नेम चुकून जनावर नुसतं जखमी होईल."

मग नेमबाजीच्या रेंजवर नेऊन, न सांगता मधेच बिनदारूचं काडतूस भरून देत. बार उडत नसे, पण धक्क्याच्या भीतीनं नळी खाली झुके. माझीही झुकली होती. काका हसले नव्हते.

यंदा म्हणाले, "आता माझी रायफल तू भर. बिनदारूचं कधी भरलंस ते सांगू नकोस."

तिसऱ्यांदा नुसतं खट्ट वाजलं आणि काकांच्या हातातली नळी झुकली.

"वाऱ्यानं असेल, काका," मी म्हणालो.

त्यांनी रायफल पुसून पेटीत ठेवली.

"यंदा शिकार तू कर. कॅम्पवर खिचडी मी करतो," ते म्हणाले.