दोनशे किलोमीटर, वाटेत सासर

फॉर्म भरला तेव्हा मार्गात पारशिवनी नव्हती. नागपूर ते खवासा आणि परत, दोनशे किलोमीटर, एवढंच लिहिलं होतं. निघायच्या चार दिवस आधी आयोजकांचा मेसेज आला. परतीच्या हायवेवर काम चालू आहे, म्हणून येताना आमडी फाट्यावरून पारशिवनीत जायचं, तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा आणि खापरखेडा, कोराडीमार्गे शहरात यायचं.

पारशिवनी माझं सासर. माझी बायको सुषमा सप्टेंबरात गेली. तिच्या तेरवीनंतर मी त्या गावात पाऊल ठेवलं नव्हतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. याला ब्रेव्हे म्हणतात. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पुरं करायचं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. वाटेत दोन-तीन ठिकाणी कंट्रोल असतात, तिथे वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. मागे मदतीची गाडी नसते. पंक्चर झालं तर आपणच काढायचं, भूक लागली तर आपणच शोधायचं. मी ड्राफ्ट्समन आहे, दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. सात वर्षांपूर्वी पाठ दुखते म्हणून सायकल घेतली आणि सवय लागली. मला बोलायला फार आवडत नाही. सायकलवर ते चालून जातं.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं. तिथे दर वेळी सुषमाचा नंबर असायचा. या वेळी मी ढोबळे काकांचा टाकला. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, वय एकसष्ट, पाच वर्षांपासूनचे माझे सोबती. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी तर तुह्या संगंच राहीन ना गा. तुले ट्रकनं उडवलं त मले फोन करून काय सांगतीन? मी तं पाहूनच राहिलो राहीन."

सासरी न जाण्याचं कारण लिहितो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुषमाला शनिवारी रात्री ताप आला. रविवारी सकाळी माझा शंभर किलोमीटरचा सराव ठरलेला होता. मी विचारलं, नको जाऊ का? ती म्हणाली, "तुमी जा, मी झोपते." मी गेलो. फोन सीटमागच्या पिशवीत होता. कळमेश्वरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा पाहिला, शेजारणीचे तीन मिस्ड कॉल. तिनेच सुषमाला दवाखान्यात नेलं होतं. डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ती गेली.

मी दवाखान्यात वेळेत पोचलो होतो, पाचही दिवस तिच्याजवळ होतो. तरी त्या सकाळी मी सायकलवर होतो हे तिच्या माहेरच्यांना माहीत होतं. कोणी शब्दाने बोललं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. आम्हाला मूल नाही. म्हणजे त्या घराशी माझं नातं आता काय, हेही मला कळत नव्हतं. दिवाळीआधी सासऱ्यांनी दोनदा दुखवट्याच्या जेवणाला बोलावलं. आमच्याकडे अशा वेळी सासरचे लोक जावयाला जेवू घालतात, खांद्यावर दुपट्टा टाकतात, मग तो लोकांच्या कार्यात जायला मोकळा होतो. मी दोन्ही वेळा ऑफिसचं कारण सांगितलं.

नाव मागे घ्यावं असं दोन दिवस मनात होतं. शनिवारी दुपारी सवयीने सायकल उलटी केली, चेन पुसली, तेल घातलं, टायरमधले बारीक खडे सुईने काढले. या कामात मला फार बरं वाटतं. ते झाल्यावर ठरवलं, जायचं. हेल्मेट आणि काळा चष्मा काढायचा नाही, शिक्का घ्यायचा आणि दोन मिनिटांत निघायचं. चार महिन्यांत दाढीही वाढली होती. कोण ओळखणार?

जानेवारीतला रविवार, सकाळी सहा. हुडकेश्वरहून मी अंधारातच वर्धा रोडला पोचलो. तेवीस जण होते. ब्रेक, दिवे, चमकणारं जाकीट तपासून झालं आणि निघालो. थंडी इतकी होती की कामठीपर्यंत बोटांना ब्रेक कळत नव्हता. पहाटे हा रस्ता चांगला आहे, पण कन्हानच्या पुलावर कोळशाचे ट्रक असतात, मागचा लाल दिवा चालू ठेवाच. मनसरला आठ वाजले. तर्री पोहे आणि चहा, दोघांचे मिळून शंभराच्या आत. काकांनी तर्री दोनदा मागून घेतली.

"काका, अजून दीडशे जायचं आहे."

"म्हनूनच त घेतली. पोटात आग असली की मानूस पयते."

मनसर ते खवासा हा टप्पा मात्र कोणीही करावा असा आहे. दोन्ही बाजूंना पेंचचं सागवान, आणि जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता मैलोन् मैल खांबांवर उचललेला. कडेला उंच भिंती आहेत, त्यामुळे गाडी नसली की फक्त आपल्या चेनचा आवाज येतो. उतारावर पाय थांबवले की मागच्या चाकाची टिकटिक. एरवी या आवाजावर मी खूश असतो. त्या दिवशी मात्र दर दहा किलोमीटरला घड्याळ पाहत होतो आणि हिशोब एकच, पारशिवनी किती वाजता. दुपारी तीनच्या सुमारास पोचलो तर लोक शेतावर असतील, बसस्थानकाजवळ गर्दी नसेल.

खवाशाला पावणेबाराला शिक्का मिळाला. हे गाव मध्य प्रदेशात येतं. ढाब्यावर दाल, तीन-तीन तंदुरी रोट्या, मीठ घातलेलं ताक. माझी एक रोटी उरली.

"काहून गा, जेवत नाही?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, पारशिवनीत सुषमाचं माहेर आहे.

काकांनी माझी रोटी उचलून आपल्या ताटात घेतली. "मंग काय जेवशील इथं," एवढंच म्हणाले.

परतीला वारा समोरून होता. आमडी फाट्यावर हायवे सोडला तेव्हा उजव्या गुडघ्यात कळ यायला लागली होती. दोन्हीकडे कापूस, मधेच कालव्याचं पाणी. या रस्त्याने मी चौदा वर्षं मोटरसायकलवर आलो, मागे सुषमा आणि मांडीवर तिची पिशवी. सायकलने पहिल्यांदाच येत होतो.

तीन वाजून पाच मिनिटांनी पोचलो. कंट्रोल बसस्थानकाजवळच्या एका चहाच्या हॉटेलात होता. स्वयंसेवकाने कार्ड घेतलं, वेळ लिहिली आणि खात्री करायला माझं नाव मोठ्याने वाचलं. आडनावासकट.

हॉटेलवाल्याने चहा गाळता गाळता मान वर केली. "अवो, तुमी त आमच्या सुषमाचे मालक ना?"

मी चष्मा काढला. अजून काय करणार?

"आन घरी न जाता चालले? बापा! मी काकाजीले, तुमच्या सासऱ्याले फोन लावतो."

"नका लावू. वेळेचं असतं हो हे," मी म्हटलं. तोवर त्याने लावला होता.

ढोबळे काकांनी आपलं कार्ड खिशात टाकलं. "मी निघतो. तुहं झालं की ये. आन पाह्य, शिक्का कुठंबी भेटते."

दहा मिनिटांत सासरे मोटरसायकलवर आले. मी त्यांना मामाजी म्हणतो. वाळले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घट्ट चड्डी, भडक पिवळं जाकीट, तोंडावर सुकलेलं मीठ. मला जमिनीत जावंसं वाटलं. याच कपड्यांत मी त्या रविवारी दवाखान्यात पोचलो होतो.

"चाला घरी," ते म्हणाले.

"मामाजी, साडेसातच्या आत नागपूरला पोचावं लागते."

"बरं," म्हणाले, आणि मोटरसायकल वळवून माझी वाट पाहत उभे राहिले.

मी सायकल त्यांच्या मागे लावली.

अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. मामी, म्हणजे सासूबाई, कडेने चालत दारात आल्या. माझ्याशी त्या कधी फारसं थेट बोललेल्या नाहीत. डोक्यावर पदर, काही सांगायचं तर सुषमामार्फत. आता मधे सुषमा नव्हती. त्यांनी पाण्याचा गडवा पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. नऊ तास उन्हात आणि वाऱ्यात गेले होते, चेहरा लाल झाला असणार. एकाएकी त्यांनी हात उलटा करून माझ्या कपाळाला लावला.

"अवो, याइले ताप हाय! अंग पाहा कसं तापलं!"

"ताप नाही मामी, सायकल चालवली म्हणून."

"तीबी हेच म्हने, काही नाही, काही नाही." त्यांनी हात काढला नाही. "त्या दिवशी सकाळी तिचा फोन आल्ता मले. म्हने, आई, ताप आला. मीच म्हनलं, दवाखान्यात काहून धावतं, गुळवेलाचा काढा घे अन् पडून राह्य. तुमी सायकलवर गेले म्हने. मी म्हनलं, जाऊ दे त्याइले, तापासाठी मानूस घरी कायले बसवतं वं." मग पदर तोंडाशी धरला. "तुमाले तिनं सांगतलंच असन. म्हनून त तुमी येऊन नाही राहिले."

मला हे माहीतच नव्हतं. सुषमाने मला त्या फोनचं सांगितलं नव्हतं. चार महिने मी समजत होतो की हे लोक माझ्यावर रागावले आहेत, आणि इथे ही बाई समजत होती की मी तिच्यावर.

मी म्हटलं, "मामी, मी सायकलवर गेलो म्हणून येत नव्हतो."

मामाजी दाराच्या चौकटीला टेकून होते. म्हणाले, "आता जेवू घाल त्याइले. त्याइची वेळ होऊन राहिली."

ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, कच्चं तेल आणि कांदा. मी घड्याळ पाहिलं. मामाजींनी ते पाहिलं आणि नजर वळवली. मग मी घड्याळ काढून हेल्मेटमध्ये ठेवलं. मामी दुसरी भाकर वाढताना म्हणाल्या, "काढा सांगतला म्हनून गेली का ती?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले डेंग्यू कोणालाही होतो. त्यांना ते पटलं की नाही, सांगता येत नाही. मला स्वतःला डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं आणि मलाही पटलं नव्हतं.

निघताना मामाजींनी आतून दुपट्टा आणला, पांढरा, काठाला हिरवी रेघ. दिवाळीपासून आणून ठेवला होता. पिवळ्या जाकिटावर तो टाकला. मी दोघांच्या पाया पडलो आणि दुपट्टा घडी करून पाठीमागच्या खिशात ठेवला, जिथे सकाळी केळी होती.

तोवर पाच वाजायला वीस मिनिटं होती. बावन्न किलोमीटर आणि दोन तास पन्नास मिनिटं. ताज्या पायांनी हे सहज होतं. माझे पाय ताजे नव्हते आणि पोट भरलेलं होतं. खापरखेड्याला वीज केंद्राच्या चिमण्या दिसेपर्यंत मी वेळेत होतो. पुढे राखेच्या ट्रकांची रांग लागली, रस्ता अरुंद, धुळीत समोरचं दिसेना. हा मार्ग करणार असाल तर हा टप्पा उजेडात ओलांडा, नाकाला रुमाल ठेवा. एक ट्रक इतका जवळून गेला की मी मातीत उतरलो आणि दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. याआधी अशा वेळी मी वेळेचा विचार करायचो. त्या दिवशी मनात आलं, आत्ता मला काही झालं तर मामी म्हणतील, मीच जेवायला बसवून ठेवलं. मग सायकल सावकाश चालवली.

सात एक्केचाळीसला पोचलो. अकरा मिनिटं उशीर. कार्ड घेणाऱ्याने वाईट वाटून सांगितलं की हे धरता येणार नाही. काका सात वाजताच पोचले होते आणि पायरीवर बसून शेंगदाणे खात होते.

"काय देलं सासरी?"

"भरीत-भाकर."

"मंग बरोबर हाय. भरतावर अकरा मिनिटं तं लागतेच."

यादीत माझ्या नावापुढे 'अपूर्ण' असं आहे. सात वर्षांत पहिल्यांदा. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. आयोजकांनी पुढच्या वेळी पारशिवनीचा कंट्रोल राहील असं सांगितलं आहे. तुम्ही गेलात तर तिथे अर्धा तास हाताशी ठेवा, चहा चांगला आहे आणि हॉटेलवाला माणसं ओळखतो.

काय उरलं, तर गुडघा चार दिवस दुखला. दुपट्टा धुऊन कपाटात ठेवला. त्या सकाळी मी घरी थांबलो असतो तर, हा प्रश्न मिटलेला नाही. फक्त आता तो एकट्याचा राहिलेला नाही, पारशिवनीतही कोणीतरी तोच प्रश्न घेऊन मिरच्या निवडत बसलेलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी मामींचा फोन आला. माझ्या नंबरवर त्यांनी कधीच फोन केला नव्हता.

"काय करून राहिले?"

"काही नाही मामी. सायकल पुसून राहिलो."

"बरं." मागे मामाजींचं खोकणं ऐकू आलं. मग, "रविवारी येता काय?"

"येतो."

"सायकलनं?"

मी हो म्हटलं.

"मंग सकाळीच निघजा," त्या म्हणाल्या. "ऊन लागते."