शेवंती, चाची आणि माझी अक्कल

कसं सांगू हो, नुसतं आठवलं तरी कानशिलं तापतात! आणि राग कुणावर काढू? माझ्यावरच!

सौदीतल्या या बुरैद्याच्या उन्हात शेवंती लावणं हा वेडेपणाच. पण आमच्या मराठी मंडळातल्या सायलीच्या डोहाळेजेवणाला फुलांची वाडी मीच भरणार, असं मी मंडळाच्या ग्रुपवर ठणकावून बसले होते. पहिलटकरीण पोर, माहेर लांब. आता मागे हटायची सोय नव्हती.

ऑगस्टात आम्ही सुट्टीवर गेलो, तेव्हा माझ्या सहा कुंड्या शेजारच्या रुकैयाचाचींकडे ठेवल्या. चाची मूळच्या अलिबागच्या. त्यांच्याही कुंड्या सहाच, त्याच नर्सरीतल्या, तशाच काळ्या. त्यांनी सगळ्या घरात एसीत ठेवून जगवल्या, आल्यावर माझ्या मला दिल्या.

डिसेंबर आला. चाचींची बाल्कनी पिवळीधमक! आणि माझ्याकडे? नुसता पाला! त्यापेक्षा मेथी लावली असती तर भाजी तरी झाली असती!

डोकंच फिरलं माझं. नवऱ्यावर ओरडले, "निखिल, कुंड्या बदलल्या त्यांनी!"

"अगं, जरा थांब."

"थांबू? परवा डोहाळेजेवण आहे!"

पुरावा म्हणून एक कुंडी उचलली आणि चाचींची बेल दाबली. दार खाडकन उघडलं, मी दचकले, आणि पुरावा त्यांच्या पायपुसण्यावर फुटला! त्याचाही राग त्यांच्यावरच.

"माझ्या कुंड्या द्या! परवा सायलीचं डोहाळेजेवण, आणि फुलांच्या तुम्ही ठेवून घेतल्यात, पाल्याच्या मला दिल्यात!"

चाचींनी शांतपणे माती बघितली. मग माझ्याकडे. "तुझ्या बाल्कनीतली ट्यूब रात्रभर कशाला ढणढणते गो?"

"निखिलला नाइट ड्यूटी असते. मला भीती वाटते! पण त्याचा इथे काय संबंध?"

"अगो, शेवंतीला लांब काळोखी रात्र लागते, तेव्हा ती कळी धरते. माझा बाप फुलंच पिकवायचा. तुझ्या झाडांना वाटतंय, अजून उन्हाळाच चाललाय!"

चाची कात्री घेऊन बाल्कनीत गेल्या आणि आपल्या सहाही कुंड्या भादरून टोपलीभर फुलं घेऊन आल्या.

"घे. पोटुशी पोर हिरमुसायला नको."

मला रडूच फुटलं. टोपली हातात देताना त्यांनी सहज विचारलं, "कॉलेज शिकलीस ना तू? काय शिकलीस?"

खोटं बोलावं असं फार वाटलं हो. पण तेही वेळेवर सुचेना.

"वनस्पतिशास्त्र."